रंगक्षेत्र चित्रण

अमूर्त अभिव्यक्तिवादातील, म्हणजे ओळखीच्या वस्तू न रेखाटता रंग-रेषांतूनच भाव व्यक्त करणाऱ्या चित्रशैलीतील, एक प्रवाह. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कमध्ये तो रुजला. याच शैलीतल्या जॅक्सन पोलॉकने रंग शिंपडण्या-ओघळवण्याच्या क्रियेला महत्त्व दिले. मार्क रॉथको, बार्नेट न्यूमन, क्लिफर्ड स्टिल यांनी मात्र रंगाचा विस्तीर्ण पृष्ठभाग हाच चित्राचा विषय मानला. त्यामुळे ही चित्रे पाहताना ‘यात काय काढले आहे?’ हा प्रश्न फारसा उपयोगी पडत नाही. रंग कुठे थांबतो आणि मोकळी जागा त्याला काय करते, हे पाहावे लागते.

न्यूमनचे ‘व्हिर हिरोइकस सब्लिमिस’ (१९५०–५१) सुमारे २.४ मी. उंच आणि ५.४ मी. रुंद आहे. लालभडक रंगातून पाच अरुंद उभ्या पट्ट्या वरपासून खालपर्यंत जातात. पट्ट्यांमधली अंतरे असमान आहेत. एखादी पट्टी लख्ख उठून दिसते, तर एखादी लालात जवळजवळ बुडून जाते. १९५१ च्या प्रदर्शनात न्यूमनने सूचना लावली होती, की ही चित्रे जवळून पाहावीत. जवळ गेल्यावर कडा नजरेच्या टप्प्याबाहेर जातात, समोर फक्त लाल उरतो आणि त्याचा पसारा मोजायला डोळ्यांना त्या पट्ट्यांचाच आधार असतो. पुस्तकातल्या तळहाताएवढ्या छायाचित्रात यातले काहीच हाती लागत नाही.

रॉथकोच्या चित्रात रंगाचे मोठे आयत असतात; त्यांच्या मधोमध पाहण्यापेक्षा कडा न्याहाळाव्यात. पातळ रंगाचे थर तिथे विरळ होतात, खालचा रंग वर डोकावतो आणि दोन आयतांमधली चिंचोळी पट्टी त्यांना तरंगते ठेवते.

हेलन फ्रँकेंथेलरने ‘माउंटन्स अँड सी’ (१९५२) साठी अस्तराचा लेप न दिलेला कॅनव्हास जमिनीवर अंथरून त्यावर टर्पेंटाइनने पातळ केलेला तैलरंग ओतला. रंग कापडात मुरला; जिथे तो पोहोचला नाही तिथे कोरे कापडच उजेडाचे काम करते. हे चित्र पाहून अमेरिकन चित्रकार मॉरिस लुईसची दिशाच बदलली. त्याच्या ‘अनफर्ल्ड’ मालिकेत (१९६०–६१) रंगाचे ओघळ दोन्ही बाजूंना सरकले आहेत आणि मधला प्रचंड भाग कोरा आहे. या प्रवाहातला रिकाम्या जागेचा सर्वांत धाडसी वापर हाच म्हणावा लागेल.

नागपुरात जन्मलेले, मूळचे गोमंतकीय कुटुंबातले चित्रकार वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) रॉकफेलर शिष्यवृत्तीवर १९६४ मध्ये न्यूयॉर्कला गेले. त्यांना या प्रवाहाचे अनुयायी समजणे चूक ठरेल, कारण वस्तुनिरपेक्ष चित्रणाकडे ते त्याआधीच वळले होते. रोलर आणि पॅलेट नाइफने (रंग पसरवायच्या बोथट सुरीने) ते रंग चढवत आणि खरवडत. त्यांचा अवकाश कोऱ्या कापडाचा नाही; थरावर थर देऊन, पुन्हा काढून घेऊन तो घडवलेला आहे.