तलफेची घालमेल मेंदूत कुठून उठते?

१९६४ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या, अहवालाने सिगारेट आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचं नातं ठामपणे मांडलं, पण तंबाखूला व्यसन म्हणायचं टाळलं. शब्द वापरला तो 'सवय'. साहजिकच, सोडताना होणारी चिडचिड, छातीतली धडधड, उगाच वाटणारी भीती हे सगळं मनाच्या कच्चेपणाच्या खात्यावर गेलं. आपल्याकडे 'तलफ' हा शब्द रुळलेला असताना कुणाला अहवालाची गरज होती, हा भाग वेगळा. 'निकोटीन व्यसन लावतं' हे सर्जन जनरल एव्हरेट कूप यांच्या अहवालात स्पष्ट छापून यायला १९८८ उजाडलं.

त्यानंतरही बराच काळ संशोधकांची नजर डोपामिन या मेंदूतल्या रसायनावर, म्हणजे झुरक्यातल्या सुखावर खिळलेली होती. सुख ओसरलं की बेचैनी येते, असा सरळ हिशेब. तो अपुरा ठरला. मेंदू-संशोधक मारिएला दे बियासी यांच्या गटाने २००९ मध्ये निकोटीनला सरावलेल्या उंदरांच्या मेंदूत, एकेका जागी, निकोटीनचे रिसेप्टर (पेशीवरच्या ज्या जागी ते चिकटतं त्या) अडवणारं औषध टोचलं. तंबाखू तुटल्यासारखी लक्षणं उमटली ती मीडियल हॅबेन्युला आणि तिच्याशी जोडलेल्या मध्यमेंदूतल्या इंटरपेडंक्युलर न्यूक्लियस या चिमुकल्या जागांमधून. डोपामिनच्या प्रसिद्ध केंद्रात तेच औषध सोडलं, तर काहीच नाही!

पुढचं काम मॅसॅच्युसेट्समध्ये अँड्र्यू टॅपर यांच्या प्रयोगशाळेत झालं. २०१३ मध्ये त्यांनी इंटरपेडंक्युलर न्यूक्लियसमधल्या गाबा पेशी (इतर पेशींना आवर घालणारं गाबा हे रसायन सोडणाऱ्या) प्रकाशाने चेतवल्या, तेव्हा निकोटीन कधीच न मिळालेले उंदीरही अंग खाजवू, झटकू लागले. ही शारीरिक लक्षणं झाली. चिंतेचा धागा २०१५ मध्ये सापडला, आणि तो गमतीशीर आहे: दीर्घकाळ निकोटीन मिळालं की त्याच डोपामिनच्या केंद्रातल्या पेशी सीआरएफ हे तणावाचं रसायन जास्त बनवू लागतात. निकोटीन बंद झाल्यावर ते इंटरपेडंक्युलर न्यूक्लियसमध्ये पाझरतं आणि हॅबेन्युलाकडून येणाऱ्या संदेशांचा जोर वाढवतं. तिथला सीआरएफचा रिसेप्टर अडवला की उंदरांची घालमेल कमी होते.

म्हणजे सुखाचं केंद्र म्हणून मिरवणारी जागाच घाबरवण्याचंही काम करते. या शोधाचं औषध मात्र अजून झालेलं नाही. चिंता आणि नैराश्यावर सीआरएफ रोखणाऱ्या गोळ्यांच्या माणसांवरच्या चाचण्यांनी आजवर निराशाच केली आहे.