मालमोटार चालकांची विभागलेली विश्रांती

चालकाने रोजची विश्रांती सलग न घेता दोन वा अधिक भागांत घेतली, तर तिला विभागलेली विश्रांती म्हणतात. इंदूरच्या देवास नाक्यावर माल भरणारा उस्ताद, म्हणजे गाडीचा चालक, याला नियम म्हणणार नाही, सवय म्हणेल. दुपारी ढाब्यावरच्या खाटेवर चार तास काढायचे, मग उत्तररात्री गाडी कडेला लावून केबिनमध्ये आणखी तीन. कायद्यापुढे प्रश्न दोनच उरतात : हे तुकडे जोडून विश्रांती पुरी झाली असे मानायचे का, आणि मधल्या विश्रांतीमुळे कामाचा दिवस पुढे सरकतो का?

भारतात हा हिशेब नोव्हेंबर २०२५ पर्यंत अनेक दशके मोटर परिवहन कामगार अधिनियम, १९६१ प्रमाणे होत असे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ९१ही चालकांच्या तासांसाठी त्याच अधिनियमाकडे बोट दाखवत असे. त्यानुसार दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास काम असे. लांब पल्ल्याच्या मार्गावर मंजुरीने १० आणि ५४. सलग ५ तासांपेक्षा जास्त काम चालत नसे. त्यानंतर किमान अर्ध्या तासाची सुटी लागे. दिवसाचे काम दोनपेक्षा जास्त टप्प्यांत तोडता येत नसे. ड्यूटी सुरू झाल्यापासून संपेपर्यंतचा सगळा पसारा, म्हणजे ‘स्प्रेड-ओव्हर’, १२ तासांत आटोपावा लागे. आणि एका दिवसाची ड्यूटी संपल्यावर दुसरी सुरू होईपर्यंत ९ तासांची विश्रांती, तीही सलग.

खरी मेख या ‘सलग’ शब्दात आणि १२ तासांच्या पसाऱ्यात होती. समजा, त्या अधिनियमाच्या काळात गाडी पहाटे ५ वाजता एबी रोडने, म्हणजे आग्रा-मुंबई महामार्गाने, धुळ्याच्या दिशेने निघाली. १० वाजता थांबणे भाग आहे. चालक अर्धा तास थांबला, तर मंजुरी असल्यास दुसरे ५ तास चालवून साडेतीनला मोकळा होतो. तोच ढाब्यावर ४ तास झोपला, तर दुपारी २ ते संध्याकाळी ५ एवढाच टप्पा हाती राहतो, कारण पसारा ५ वाजता संपतो. झोपेचे ते ४ तास कामात धरले जात नाहीत, पण घड्याळही त्यांच्यासाठी थांबत नाही. शिवाय रात्रीच्या ९ तासांतून ते वजाही करता येत नाहीत : संध्याकाळी ५ ला सुटलेला चालक रात्री २ च्या आधी पुन्हा ड्यूटीवर येऊ शकत नाही. थोडक्यात, या अधिनियमाखाली विश्रांती तोडली की कायदेशीर दिवस लांबत नसे, उलट त्यातले कामाचे तास घटत.

अमेरिकेत नेमके उलट आहे. तिथे १० तासांच्या विश्रांतीनंतर कामाच्या १४ तासांची मुदत सुरू होते आणि तिच्यात ११ तास चालवता येते. मात्र केबिनमागच्या झोपण्याच्या कप्प्यात किमान ७ तास आणि वेगळी किमान २ तासांची विश्रांती, मिळून १० भरत असतील, तर यातला कोणताच तुकडा १४ तासांत मोजत नाहीत. ही ७ अधिक ३ ची मुभा सप्टेंबर २०२० पासूनची. त्याआधी ८ अधिक २ लागत. युरोपीय संघात रोजची ११ तासांची विश्रांती ३ आणि ९ अशी तोडता येते, पण मग बेरीज १२ होते. तोडण्याची किंमत तासाभराच्या जादा विश्रांतीने चुकवायची. साडेचार तासांनंतरची ४५ मिनिटांची सुटीही तिथे १५ आणि ३० अशी, त्याच क्रमाने, तोडता येते.

इंदुरात वाद विश्रांतीपेक्षा ताटकळण्याचा जास्त असतो. शहरात अवजड गाड्यांना ‘नो एंट्री’ असते तेव्हा बायपासवर उभ्या गाडीतला चालक, किंवा पीथमपूरला कारखान्याच्या फाटकाबाहेर नंबराची वाट पाहणारा, झोपलेला दिसला तरी मोकळा असतोच असे नाही. अधिनियमाची व्याख्या मालकाच्या हाताशी असलेला वेळ कामाचा धरत असे, आणि टर्मिनलवरची १५ मिनिटांपेक्षा कमी नुसती हजेरी त्यात स्पष्टपणे घालत असे. वेळ स्वतःच्या मर्जीने घालवता येतो का, ही कसोटी. बिल्टी, म्हणजे मालाची पावती, हातात येताच निघायचे असेल, तर त्या झोपेला विश्रांती म्हणणे ओढूनताणून वाटते.

घाटातला खोळंबा निराळा. एबी रोडवरच्या गणेश घाटात किंवा बिजासनीच्या चढणीवर वाहतूक अडकली, गाडी बिघडली, तर अधिनियमातल्या ८ तासांच्या, पसाऱ्याच्या आणि ९ तासांच्या नियमांना सवलत मिळत असे.

अधिनियम ५ किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता. एक-दोन गाड्यांचा मालक, स्वतःच चालवणारा मालक, यांना तो शिवतच नसे. राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर दोन चालकांची सक्ती होती, तीही २०१८ मध्ये उठली. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मालमोटारींना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, म्हणजे उन्हाळ्यातली दुपारची झोप निदान झोप ठरेल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहिता, २०२० ने घेतली. तिच्यात ८ तासांची मर्यादा आहे. मधली सुटी आणि पसारा किती, हे सरकारने अधिसूचनेने ठरवायचे आहे.