काजळीचा दिवा

समईची वात सरसावताना बोटाला लागते ती काजळी, म्हणजे कार्बन. ती प्रकाश देते असं कुणी सांगितलं तर आपण हसू. पण २००४ साली अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना विद्यापीठात काजळीतून कार्बनच्या नॅनोनळ्या वेगळ्या करताना काही बारीक तुकडे चक्क चमकताना दिसले. शोधायला कुणी गेलंच नव्हतं! हेच कार्बन डॉट. आकार १० नॅनोमीटरच्या आत.

आता ते काजळीशिवायही बनतात. लिंबातलं सायट्रिक आम्ल आणि एथिलीनडायअमीन पाण्यात घालून बंद भांड्यात २०० अंश सेल्सिअसला काही तास तापवायचं. तपकिरी द्रावण मिळतं. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धरलं की निळं उजळतं. (या निळाईचा बराचसा वाटा डॉटचा नसून सोबत तयार होणाऱ्या एका साध्या रेणूचा असतो, हे पुढे लक्षात आलं. म्हणून ‘अमुक फळापासून नॅनोडॉट’ अशी बातमी आली की मी आधी विचारतो, द्रावण नीट गाळलं होतं का?)

मला खरी भुरळ पडते ती हा दिवा विझवण्याची. डॉटला डीएनएचा एकेरी धागा जोडायचा आणि ग्राफीन ऑक्साइडच्या पत्र्यावर सोडायचा. (ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूइतका पातळ थर; त्याला ऑक्सिजन जोडला की ग्राफीन ऑक्साइड.) एकेरी धाग्याचे बेस, म्हणजे डीएनएची जोडी जमवणारे घटक, उघडे असतात, ते पत्र्याला चिकटतात. मग डॉटने शोषलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडण्याआधीच पत्रा गिळतो. दिवा देणाराही कार्बन, विझवणाराही कार्बन! तपासायच्या नमुन्यात रोगजंतूच्या डीएनएचा जुळणारा धागा असला की दोघांची जोडी जमते, बेस आत लपतात, पकड सुटते आणि डॉट पुन्हा उजळतो.

थोडं दूर जाऊन इतका फरक कसा पडतो? दोन रेणूंमध्ये ऊर्जा अशी पोचण्याचा वेग अंतराच्या सहाव्या घातानुसार घटतो: अंतर दुप्पट, वेग चौसष्टावा हिस्सा. ग्राफीन मात्र सपाट पसरलेलं. तिथे घात चौथा येतो, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले आर. एस. स्वाती आणि के. एल. सेबॅस्टियन यांनी २००९ मध्ये गणिताने दाखवलं. घात लहान, म्हणजे ग्राफीनचा हात जास्त लांब पोचतो. धागा पुरता सुटल्याशिवाय उजेड नाही.

शुद्ध पाण्यात हे झकास चालतं. रक्तद्रवात मात्र प्रथिनंही पत्र्यावर जागा अडवतात, चिकटलेला धागा ढकलून देतात आणि जंतू नसतानाच दिवा लागतो.