केंद्रकन

केंद्रकन म्हणजे एका अवस्थेच्या पोटात दुसऱ्या अवस्थेचा पहिला टिकाऊ कण जन्माला येणे. वाफेतला पहिला थेंब, गार होत जाणाऱ्या द्रवातला पहिला स्फटिक, तापत्या पाण्यातला पहिला बुडबुडा ही त्याचीच रूपे. संघनन असो वा स्फटिकीकरण, सुरुवात इथूनच होते आणि बहुतेक वेळा घोडे अडते तेही इथेच. गोठणबिंदूखाली गेले की पाणी गोठते, असे आपण शाळेत शिकतो. खरे तर तेवढ्याने त्याला गोठण्याची फक्त मुभा मिळते. अतिशुद्ध पाण्याचे सूक्ष्म थेंब सुमारे उणे ३८ अंश सेल्सिअसपर्यंत द्रवच राहतात.

अडचण पृष्ठभागाची आहे. रेणू एकत्र आले की मुक्त ऊर्जा (बदल घडवायला उपलब्ध असलेली ऊर्जा) घटते, पण नवा पृष्ठभाग उभारायला ती खर्ची पडते. फायदा त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, खर्च वर्गाच्या. म्हणून पुंजका लहान असेपर्यंत खर्चच भारी पडतो आणि तो विरून जातो. एक ठरावीक आकार, म्हणजे क्रांतिक त्रिज्या, ओलांडली की पारडे फिरते. या विचाराचा पाया गिब्झ यांनी १८७०च्या दशकात घातला. फोल्मर व वेबर (१९२६) आणि बेकर व डोरिंग (१९३५) यांनी त्यावरून केंद्रकनाचा वेग काढण्याची रीत बसवली.

हा अडसर केवढा मोठा आहे, ते आकड्यांतच कळते. शून्य अंशाला हवा बाष्पाने १ टक्का अतिसंपृक्त असेल, म्हणजे समतोलात मावते त्याहून १ टक्का जास्त बाष्प तिच्यात असेल, तर थेंबाची क्रांतिक त्रिज्या सुमारे ०.१२ मायक्रोमीटर येते. एवढ्या थेंबात साधारण २५ कोटी रेणू असतात. इतके रेणू निव्वळ योगायोगाने एकत्र येणे अशक्यच. ढगांतली अतिसंपृक्तता सहसा १ टक्क्याच्या पुढे जात नाही, तरीही ढग बनतात, कारण हवेतले धूलिकण आणि क्षार बाष्पाला बसायला आयता पृष्ठभाग देतात. याला विषमांगी केंद्रकन म्हणतात आणि निसर्गात बहुतेक वेळा तेच घडते. सी. टी. आर. विल्सन यांनी धूळ काढून टाकलेली हवा एकदम प्रसरण पावू दिली. तेव्हा बाष्प संपृक्ततेच्या सुमारे चौपट झाल्यावर आयनांवर थेंब बसू लागले, आणि दाट धुके पडायला सुमारे आठपट बाष्प लागले. भारित कणांचे माग दाखवणारे त्यांचे मेघकक्ष उपकरण यातूनच घडले.

हे सारे एकदा डोळ्यांनी पाहावे. सोडियम ॲसिटेटचे गरम, घट्ट द्रावण झाकून हळूहळू निवू दिले, तर ते काचेसारखे नितळ राहते. त्यात त्याच क्षाराचा एक खडा टाकला, की त्या जागेवरून पांढऱ्या सुया पंख्यासारख्या फाकत जातात. काही क्षणांत सगळे पात्र गच्च होते आणि काच हाताला गरम लागते. सुटलेली ही ऊष्मा इतका वेळ द्रवात अडकून होती, आणि ती बाहेर पडायला कमी होती फक्त एका बीजाची.

बीज नेहमी त्याच पदार्थाचे असावे लागत नाही. सिल्व्हर आयोडाइडची स्फटिकरचना बर्फाशी जवळून जुळते, म्हणून व्हॉनेगट यांनी १९४६ मध्ये ते मेघबीजनासाठी, म्हणजे ढगांत बीजकण पेरण्यासाठी, पुढे आणले. स्यूडोमोनास सिरिंगी या जिवाणूच्या अंगावरची प्रथिने तर उणे २ अंशांच्या आसपासच पाणी गोठवतात.

बीज धरल्यावरही स्फटिकाची वाढ सरळ होत नाही. सपाट फलकावर प्रत्येक नवा थर सुरू करायला पुन्हा छोटे केंद्रकन लागते आणि त्यासाठी पंचवीस-पन्नास टक्के अतिसंपृक्तता हवी, असे गणित सांगत होते. प्रत्यक्षात स्फटिक १ टक्क्यालाही वाढताना दिसत. हा पेच फ्रँक यांनी १९४९ मध्ये सोडवला. स्फटिकातल्या मळसूत्री दोषामुळे, म्हणजे थर जिन्यासारखे पिळले गेल्यामुळे, फलकावर कधीही न संपणारी पायरी राहते. रेणू तिच्या कडेला चिकटत जातात आणि पायरी भोवऱ्यासारखी फिरत वर चढते.

एकाच पदार्थाची स्फटिकरूपे अनेक असू शकतात; त्यांतले कोणते आधी जन्मते, हाही केंद्रकनाचाच प्रश्न. सर्वांत स्थिर रूपाआधी कमी स्थिर रूप प्रकटण्याकडे कल असतो, हे ऑस्टवाल्ड यांनी १८९७ मध्ये नोंदवले. रिटोनाविर या एचआयव्हीवरील औषधात त्याची मोठी किंमत मोजावी लागली. औषध बाजारात आल्यावर, १९९८ मध्ये, त्याचे अधिक स्थिर पण कमी विरघळणारे स्फटिकरूप अवचित उपजले आणि कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या. त्या रूपाचे बीज जिथे जिथे पोचले, तिथे जुने रूप बनवणे अवघड होऊन बसले.