वळ न उठणारा मार

१५ मार्च २०२५, बेलग्रेड, संध्याकाळचे सात वाजून गेलेले. सर्बियाच्या राजधानीत त्या दिवशी इतकी माणसं रस्त्यावर होती की पोलिसांनी एक लाखाच्या वर आकडा दिला आणि मोजणाऱ्या स्वतंत्र लोकांनी तीन लाखांच्या आसपास. नोव्ही सादच्या रेल्वे स्टेशनचं काँक्रीटचं छत १ नोव्हेंबर २०२४ ला कोसळलं होतं, त्यात तोवर १५ जण गेले होते, म्हणून १५ मिनिटं नुसतं गप्प उभं राहायचं ठरलेलं. मोबाईलचे टॉर्च लावून सगळे उभे, टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता, आणि साधारण अकराव्या मिनिटाला ती गर्दी मधोमध फाटली. व्हिडिओ बघाच एकदा, रस्त्याच्या मधून काहीतरी सुसाट येतंय म्हणून माणसं दोन्ही बाजूंना अक्षरशः अंग टाकतात, दोन-तीन सेकंदांचा खेळ, आणि रस्ता मोकळा झाल्यावर दिसतं काय तर काहीच नाही. गाडी नाही, रणगाडा नाही, उधळलेला बैलसुद्धा नाही. नंतर लोक सांगत होते की विमान अंगावर येतंय असं वाटलं.

लोकांचा संशय पोलिसांकडच्या आवाजाचा मारा करणाऱ्या यंत्रावर. सरकारचं म्हणणं, असं काही घडलंच नाही. आधी साफ नकार, मग ‘पोलिसांकडे यंत्र आहे पण खोक्यात पडलंय’, मग गाडीवर चढवलेल्या यंत्राचा फोटो बाहेर आला तेव्हा ‘आहे पण वापरलं नाही’. रशियाच्या एफएसबी या गुप्तचर संस्थेला बोलावून ‘वापरलं नाही’ असा रिपोर्टही घेतला. आता यावर सामान्य माणसाने करायचं काय? लाठी बसली तर वळ उठतो, गोळी लागली तर पुंगळी सापडते, अश्रुधुराचं नळकांडं रस्त्यावर पडलेलं असतं. आवाजाचा पंचनामा कशाचा करणार? मला विचाराल तर या हत्याराची खरी ताकद डेसिबलमध्ये नाही, इथेच आहे, आणि मागचा इतिहास बघितला की हे फार लख्ख दिसतं.

आवाजाने शत्रूला घाबरवणं तसं जुनंच. कुरुक्षेत्रावर शंख वाजले तेव्हा त्या घोषाने कौरवांची काळजं फाटली असं गीतेच्या पहिल्याच अध्यायात आहे, आणि रणशिंगं, नगारे काय फक्त ताल धरायला नव्हते. पण तो आवाज कुणी लपवत नव्हतं, उलट आम्हीच केला म्हणून मिरवायचे. दुसऱ्या महायुद्धातली जर्मन स्टुका विमानं त्याच परंपरेतली. विमान सूर मारायला लागलं की चाकांच्या दांड्यांवर बसवलेले छोटे पंखे हवेच्या जोराने फिरायचे आणि सायरन किंचाळायचा, ‘जेरिकोचा कर्णा’ म्हणायचे त्याला. बॉम्ब पडायच्या आधीच खालचा माणूस अर्धा मेलेला. गंमत म्हणजे त्या सायरनमुळे विमानाचाच वेग कमी व्हायचा, त्यामुळे पुढे बऱ्याच विमानांवरून तो काढूनच टाकला.

आवाज गुपचूप वापरायची सुरुवात कुठे झाली ते सांगता येणार नाही, पण कागदोपत्री नीट सापडणारं एक ठिकाण म्हणजे उत्तर आयर्लंड. ऑगस्ट १९७१ मध्ये ब्रिटिशांनी तिथे बिनाखटला धरपकड सुरू केली, शेकडो लोक उचलले, त्यातल्या १४ जणांना वेगळं काढून एका अज्ञात जागी नेलं. डोक्यावर जाड कापडाची टोपडी, भिंतीला बोटं टेकवून तासन्‌तास उभं करायचं, झोप नाही, अन्नपाणी जेमतेम, आणि सोबत सतत चालणारा आवाज, मोठ्या दाबाने हवा किंवा वाफ सुटावी तसा नुसता फुस्स्स, ना शब्द ना सूर ना खंड. पाच प्रकार होते म्हणून त्याला ‘फाइव्ह टेक्निक्स’ असंच नाव पडलं. यातल्या एकानेही हाड मोडत नाही, कातडी फाटत नाही. आयर्लंडने ब्रिटनला युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात खेचलं आणि १९७८ मध्ये स्ट्रासबर्गच्या या कोर्टाने निकाल दिला की हे अमानुष आहे, अपमानास्पद आहे, पण ‘छळ’ या शब्दाइतकं तीव्र नाही. म्हणजे दिवसेंदिवस कानात वाफ सोडा, कोर्ट म्हणणार वाईट केलंत हो, पण छळ नव्हे! ब्रिटनच्याच सुप्रीम कोर्टाने ‘आजच्या मापाने हा छळच’ असं म्हणायला २०२१ साल उजाडलं, तोवर पन्नास वर्षं गेली होती.

अमेरिकनांनी यात लाउडस्पीकर आणला. व्हिएतनाममध्ये रात्री हेलिकॉप्टरवरून भुतांचे आवाज, रडणं, ‘घरी परत जा’ अशा टेप वाजवायचे, कारण ज्याला नीट मूठमाती मिळत नाही त्याचा आत्मा भटकतो ही तिथली समजूत. १९८९ च्या डिसेंबरात पनामाचा हुकूमशहा नोरिएगा पोपच्या वकिलातीत लपून बसला तर बाहेर भोंगे लावून दिवसरात्र रॉक म्युझिक. व्हॅटिकनने तक्रार केल्यावर ते बंद करावं लागलं, नोरिएगा ३ जानेवारीला बाहेर आला तो गाण्यांमुळे की नाही हा वाद वेगळा. या किश्शावर लोक हसतात अजून, पण हीच युक्ती नंतर ग्वांतानामोच्या अमेरिकन तुरुंगातल्या कोठड्यांत गेली तेव्हा हसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आता त्या बेलग्रेडच्या यंत्राकडे. नाव एलआरएडी, लाँग रेंज अकूस्टिक डिव्हाइस. ऑक्टोबर २००० मध्ये येमेनच्या एडन बंदरात एक छोटी होडी स्फोटकं घेऊन अमेरिकेच्या ‘कोल’ युद्धनौकेला भिडली आणि १७ नौसैनिक गेले. लांबूनच होडीवाल्याला ‘थांब’ असं स्पष्ट ऐकवता आलं असतं तर, या विचारातून सॅन दिएगोच्या एका कंपनीने हे बनवलं. साधा भोंगा आवाज चहूकडे उधळतो, यात लहान लहान स्पीकर एकत्र जोडून आवाजाचा झोत काढतात, टॉर्चसारखा, आणि तोही आपला कान जिथे सगळ्यात हळवा असतो त्या दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपास. झोतात उभ्या माणसाचे हात आपोआप कानावर जातात, बाजूला उभा असलेला नुसता बघत राहतो. नोव्हेंबर २००५ मध्ये सोमालियाजवळ ‘सीबोर्न स्पिरिट’ या क्रूझ जहाजावर चाचे चालून आले तेव्हा हे वापरलं, सप्टेंबर २००९ मध्ये पिट्सबर्गला जी-२० च्या वेळी निदर्शकांवर, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शेतकरी दिल्लीकडे निघाले तेव्हा दिल्लीच्या सीमेवरही आणून ठेवल्याच्या बातम्या होत्या. विकणारे याला हत्यार म्हणत नाहीत बरं का, ‘संवादाचं साधन’ म्हणतात. म्हणजे नकाराची सोय बॉक्समध्येच पॅक करून येते.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं तसं आवाजाने माणसाचं पोट फुटणं वगैरे काही होत नाही, विसर्जनाला डीजेच्या भिंतीसमोर उभं राहून छातीत धडधडलेल्याला एवढं माहीत असतं की बरगड्या जागेवर राहतात, जातो तो कान. आणि कान गेला तरी सिद्ध काय करणार, आदल्या दिवशीची टेस्ट कुणाकडे असते?

उलटही होतं. २०१६ पासून क्युबाच्या राजधानीतल्या, हवानातल्या अमेरिकन वकिलातीतले लोक विचित्र आवाज आणि चक्करीची तक्रार करायला लागले, जगभर ‘सॉनिक हल्ला’ म्हणून बोंब झाली. त्यातलं गाजलेलं रेकॉर्डिंग २०१९ मध्ये संशोधकांनी तपासलं तर तो एका जातीच्या रातकिड्याचा आवाज निघाला. लोकांचा त्रास खोटा होता असं नाही, पण जिथे पुरावा मागे राहत नाही तिथे खऱ्याला खोटं म्हणता येतं तसं रातकिड्याला शस्त्रही म्हणता येतं.

बेलग्रेडमध्ये मात्र लोकांनी एक केलं, हजारोंनी आपापले जबाब लिहून दिले, कुठे उभे होतो, काय ऐकलं, अंगात काय झालं. काही जण स्ट्रासबर्गला गेले, त्याच कोर्टात जिथे १९७८ चा निकाल लागला होता. एप्रिल २०२५ च्या शेवटी कोर्टाने सर्बियाला तात्पुरता आदेश दिला की गर्दी आवरायला असली आवाजाची यंत्रं वापरू नका. त्या संध्याकाळी नक्की काय झालं, यावर मात्र कोर्टाने त्या आदेशात कुठलीच बाजू घेतली नाही.