हॉकीचा विश्वचषक: गटात दुसरं येण्याची किंमत
कोल्हापूरला साखळी सामन्यांचा हिशेब शिकवायची गरज नाही. शाहू स्टेडियमवर केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) फुटबॉल लीग रंगात आली की पाटाकडीलचा संघ पुढे की दिलबहारचा, कुणाला किती गुण हवेत, हे पेठापेठांत तोंडपाठ असतं. हॉकीच्या वाट्याला एवढं लक्ष येत नाही. शहरात मेजर ध्यानचंद यांच्या नावाचं स्टेडियम आहे, तरीही २०२३ च्या विश्वचषकात गटातला एकही सामना न हरलेला भारत उपांत्यपूर्व फेरीआधीच बाहेर कसा पडला, हे कोडं अनेकांना सुटलं नाही. त्याचं उत्तर स्पर्धेच्या घडणीत आहे.

हॉकीला स्वतःची जागतिक संघटना नाही, म्हणून १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधून हा खेळ वगळला गेला. त्याच वर्षी पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघ स्थापन झाला. १९२८ पासून भारताची सुवर्णपदकं सुरू झाली. १९५२ ला हेलसिंकीत भारताला दोनच पदकं मिळाली: एक हॉकीचं सुवर्ण, आणि दुसरं राजाराम कॉलेजात शिकलेल्या आपल्या खाशाबा जाधवांचं कुस्तीतलं कांस्य.

ऑलिंपिक चार वर्षांतून एकदाच. हॉकीला स्वतःचा विश्वचषक असावा, हा आग्रह पाकिस्तानच्या एअर मार्शल नूर खान यांनी धरला आणि १९६९ मध्ये महासंघाने तो मान्य केला. पहिली स्पर्धा पाकिस्तानातच व्हायची होती. पण भारत-पाकिस्तान तणावामुळे ती १९७१ मध्ये बार्सिलोनाला हलवावी लागली. दहा संघ खेळले, स्पेनला १-० ने हरवून पाकिस्तान जिंकला आणि भारत तिसरा आला. १९७३ ला भारताने नेदरलँड्सविरुद्धची अंतिम लढत बरोबरीनंतर पेनल्टी स्ट्रोकवर गमावली. मग १९७५, क्वालालंपूर. अजितपाल सिंगांच्या संघाने पाकिस्तानला २-१ ने हरवलं. निर्णायक गोल अशोककुमार यांचा, म्हणजे ध्यानचंद यांच्या चिरंजीवांचा. चेंडू गोलखांबाच्या आतल्या बाजूला लागून बाहेर आला, पाकिस्तानने हरकत घेतली, पण पंच ठाम राहिले. व्हिडिओ पंच तेव्हा नव्हताच. भारताचा तो एकमेव विश्वचषक आहे आणि शालेय खेळाडूंना तो सामना आवर्जून सांगितला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

पुढे संघ वाढले, मैदानं कृत्रिम झाली, ऑफसाइडचा नियम गेला. भुवनेश्वरला झालेल्या २०१८ च्या स्पर्धेत आणि भुवनेश्वर-राउरकेलाच्या २०२३ च्या स्पर्धेत सोळा संघ होते, चार-चारांचे चार गट. यजमान आणि खंडीय विजेत्यांना थेट प्रवेश, बाकीचे पात्रता स्पर्धांतून. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. गटात पहिला येणारा सरळ उपांत्यपूर्व फेरीत जायचा; दुसऱ्या-तिसऱ्याला आधी क्रॉसओव्हरचा जादा सामना जिंकावा लागे. गुण आणि विजय समान असले तर गोलफरक बघायचा.

२०२३ ला भारत अडकला तो इथेच. स्पेनवर २-० विजय, इंग्लंडशी ०-० बरोबरी. गट जिंकायला वेल्सला आठ गोलांच्या फरकाने हरवणं भाग होतं. निकाल लागला ४-२. इंग्लंड पहिला, भारत दुसरा.

यात पद्धतीवर राग काढण्यात अर्थ नाही. २०१८ मध्ये गोलफरकाच्याच जोरावर भारताने बेल्जियमला गटात मागे टाकलं होतं. तो बेल्जियम क्रॉसओव्हरमधून वर येऊन विश्वविजेता झाला, भारत मात्र उपांत्यपूर्व फेरीत नेदरलँड्सकडून १-२ ने हरला. २०२३ चा विजेता जर्मनीही गटात दुसराच होता. त्याने फ्रान्सला ५-१ ने हरवून क्रॉसओव्हर पार केला. भारताने क्रॉसओव्हरमध्ये न्यूझीलंडविरुद्ध ३-१ अशी आघाडी घेतली होती. ती टिकली नाही आणि सामना ३-३ असा सुटला. मग शूटआउट: तेवीस मीटरच्या रेषेवरून एकटा खेळाडू, समोर गोलकीपर आणि हाताशी आठ सेकंद. पहिल्या पाच-पाच प्रयत्नांनंतरही निकाल लागला नाही, आणि सडन डेथमध्ये, म्हणजे एकेका प्रयत्नाच्या जोडीत जो पुढे तो विजयी अशा टप्प्यात, न्यूझीलंडने ५-४ अशी बाजी मारली.