रुग्ण सहभाग गट (इंग्लंड)

इंग्लंडमध्ये जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात नाव नोंदवलेले काही रुग्ण त्या दवाखान्याच्या कारभारात लक्ष घालण्यासाठी एकत्र येतात. अशा मंडळाला रुग्ण सहभाग गट म्हणतात. बोलताना सगळे ‘पीपीजी’च (पेशंट पार्टिसिपेशन ग्रुप) म्हणतात. काम बिनपगारी असते. दर दोन-तीन महिन्यांनी गटाचे सदस्य, दवाखान्याचा कारभार पाहणारा प्रॅक्टिस मॅनेजर आणि जमल्यास एखादा डॉक्टर एकत्र बसतात. फोन लागत नाही इथपासून नवा डॉक्टर कधी येणार इथपर्यंत सगळे विषय निघतात. शेवटचा शब्द मात्र डॉक्टरांचा.

याचे कारण दवाखान्याच्या मालकीत आहे. एनएचएस ही ब्रिटनची आरोग्य सेवा सरकारी आणि तिथले उपचार मोफत, म्हणून जीपीही सरकारी नोकर असेल असे आपल्याकडे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात बहुतेक दवाखाने डॉक्टरांच्या भागीदारीत चालतात. ते एनएचएसशी करार करतात आणि पैसे प्रामुख्याने यादीवरील रुग्णसंख्येच्या हिशेबाने मिळतात. पैसा जनतेचा, धंदा डॉक्टरांचा.

एके काळी हे चित्र काही ठिकाणी बरोबर उलटे होते. साउथ वेल्समधल्या ट्रेडेगर या कोळसा आणि पोलादाच्या गावात कामगारांनी वैद्यकीय साहाय्य संस्था काढली होती. मजुरीतून पौंडामागे ३ पेनी कापले जात आणि त्या पैशातून कामगारांची समिती डॉक्टर नेमत असे, त्यांना पगार देत असे. डॉक्टर इथे नोकर होते, आणि हे त्या पेशाला मुळीच रुचत नव्हते. देशभर पसरलेल्या कामगारांच्या परस्पर साहाय्य संस्थांच्या हुकमतीतून सुटका हवी, ही ब्रिटिश मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेची १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याच्या वेळची एक मुख्य मागणी होती. ती बऱ्याच अंशी मान्य झाली. पुढे ५ जुलै १९४८ रोजी एनएचएस सुरू करणारे आरोग्यमंत्री अनायरिन बेव्हन हे ट्रेडेगरचेच. गावातली उपचारांची सोय त्यांनी देशभर नेली, पण रुग्णांची समिती मागेच राहिली. जीपी स्वतंत्र कंत्राटदार राहिले; डॉक्टरांना सोबत घेण्याची ती किंमत होती.

चोवीस वर्षांनी रुग्णांना पुन्हा बोलावले ते डॉक्टरांनीच. १९७२ मध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या बेरिन्सफील्ड गावात डॉ. पीटर प्रिचर्ड यांनी आपल्या दवाखान्यात असा गट सुरू केला. दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीच्या जागेवर वसवलेले हे नवे गाव. त्याच सुमारास वेल्समधल्या अबरडेअरला आणि ब्रिस्टललाही असेच गट निघाले. वरून कुणाचा आदेश नव्हता. यादीतल्या माणसांना काय हवे आहे ते आपल्याला पुरते कळत नाही, असे वाटणारे हे मोजके डॉक्टर होते. १९७८ मध्ये गटांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९७४ पासून सरकारने स्थापन केलेल्या स्थानिक आरोग्य परिषदाही होत्या, पण त्यांचे लक्ष मुख्यतः रुग्णालयांकडे असे. इंग्लंडमध्ये त्या २००३ मध्ये बंद झाल्या.

१९७२ नंतरची जवळपास चार दशके गट असणे-नसणे डॉक्टरच्या मर्जीवर होते. २०११ मध्ये सरकारने आमिष दाखवले: गट चालवा, रुग्णांचे सर्वेक्षण करा, त्यावर काय केले ते प्रसिद्ध करा आणि नोंदवलेल्या प्रत्येक रुग्णामागे १.१० पौंडांपर्यंत घ्या. १०,००० रुग्णांच्या दवाखान्याला वर्षाला जास्तीत जास्त ११,००० पौंड. साहजिकच गटांचे पीक आले. त्यातले काही फक्त ईमेलच्या यादीपुरते होते. एप्रिल २०१५ पासून हे वेगळे पैसे थांबले आणि गट असणे ही इंग्लंडमधल्या प्रत्येक जीपी दवाखान्याच्या करारातली अट झाली. गट यादीतल्या सर्व थरांचा प्रतिनिधी असावा यासाठी दवाखान्याने वाजवी प्रयत्न करावेत, असेही त्यात आहे. ‘वाजवी’ म्हणजे किती, हे करार सांगत नाही आणि पुष्कळांनी त्याचा सोयीस्कर अर्थ लावला.

चांगल्या गटाचे काम बारीकसारीक गोष्टींत दिसते. शरद ऋतूत फ्लूच्या लशीसाठी शनिवारी दवाखाना उघडतो, तेव्हा रांग लावणारे, म्हाताऱ्यांना खुर्ची देणारे, कुणाच्या मोबाइलमध्ये एनएचएसचे ॲप उघडून देणारे बहुधा गटाचे लोक असतात. पण खरी कसोटी बैठकीत लागते. अनेक दवाखान्यांत भिंतीवर कागद असतो: गेल्या महिन्यात इतक्या रुग्णांनी न कळवता अपॉइंटमेंट चुकवली. जागरूक गटाने तिथे विचारायला हवे, की रद्द करायला फोन केला तर तो किती वेळाने उचलला जातो? हा आकडा भिंतीवर सहसा नसतो. सकाळी आठला फोन सुरू होताच उडणारी झुंबड हा तर सगळ्याच गटांचा कायमचा विषय. रांगेतला क्रमांक सांगणारे, उलट फोन करणारे नवे डिजिटल फोन आले, आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून सकाळी ८ ते संध्याकाळी ६.३० ऑनलाइन विनंती घेणे बंधनकारक झाले, तरी विषय संपलेला नाही. दवाखान्यांची तपासणी करणारे केअर क्वालिटी कमिशनचे निरीक्षक गटाच्या सदस्यांशीही बोलतात. गटाचे म्हणणे डॉक्टर सर्वांत लक्षपूर्वक ऐकतात ते बहुधा त्या सुमारास.

गटावरची नेहमीची टीका अशी, की तिथे येतात ते निवृत्त, गोरे आणि इंग्रजी सफाईने बोलणारे. टीका रास्त आहे. लहान मुलांच्या आया, पाळीत काम करणारे, नुकतेच देशात आलेले लोक संध्याकाळच्या बैठकीला येणार कधी? हिशेबाची वही, नेमणुका, डॉक्टरांचा नफा यांतले काहीच गटासमोर ठेवण्याचे बंधन नसल्याने, ज्यांना खरोखर काही बदलायचे आहे ते दोन-चार बैठकांनंतर गळतात.

महाराष्ट्रातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत याच्या जवळची व्यवस्था म्हणजे रुग्ण कल्याण समिती. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ती या केंद्रांपर्यंत पोचली. तिच्या हाती निधी असतो, जो पीपीजीकडे सहसा नसतो. मात्र तिच्यात अधिकारी आणि लोकप्रतिनिधी अधिक, साधे रुग्ण कमी. त्याहून धारदार प्रयोग लोकाधारित देखरेखीचा. २००७ मध्ये अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचा धाराशिव), पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत तो सुरू झाला. गावकऱ्यांनी भरलेले आरोग्य केंद्राचे प्रगतिपत्रक जनसुनवाईत मांडले जाई आणि वैद्यकीय अधिकाऱ्याला सर्वांसमोर उत्तर द्यावे लागे. इंग्लंडमधल्या गटाला एवढी मुभा कुणी दिलेली नाही.

गटात जायला दवाखान्यात नाव नोंदवलेले असणे एवढीच पात्रता लागते. अर्ज रिसेप्शनवर किंवा संकेतस्थळावर मिळतो. स्वतःच्या उपचारांबद्दलची तक्रार गटात मांडता येत नाही. ती प्रॅक्टिस मॅनेजरकडे द्यायची किंवा, १ जुलै २०२३ पासून, त्या भागातल्या एनएचएस सेवांचे नियोजन करणाऱ्या एकात्मिक आरोग्य मंडळाकडे (इंटिग्रेटेड केअर बोर्ड). उत्तराने समाधान झाले नाही तर संसदीय व आरोग्य सेवा लोकपालाकडे जाता येते.